छापखान्यांतलें फर्निचर आणि घरांतलें फर्निचर

गेल्या मार्गशीर्षांत साताऱ्याच्या एका स्नेह्यांकडून मला वास्तुशांतीची निमंत्रणपत्रिका आली. पत्रिका मोठ्या थाटाची होती. वरच्या कडेस गणपति, त्याच्या दोन्ही अंगांस कुलदैवतें, त्यांच्या खालीं दोन समया, चारी बाजूंनीं सोनेरी वेलबुट्टी, आणि मधोमध जो मजकूर होता त्यांत सहा तऱ्हेचीं अक्षरें. यजमानांचें नांव लाल, आप्तांचीं नांवें निळीं, आणि बंगल्याचें नांव तर बोटाला लागेल असें उठावदार सोनेरी. दोनदां चष्मा पुसून मी ती वाचली. परंतु मुहूर्त किती वाजतां आहे हें कांहीं केल्या सांपडेना. अखेरीस माझ्या नातीनें तें वेलबुट्टीच्या एका पानाआडून शोधून काढलें.

ठरल्या वेळीं मी गेलों. दारांतून आंत पाऊल टाकतांच आपण ती पत्रिकाच पुन्हां वाचीत आहों असा मला भास झाला. डोक्यावर प्लास्टरचें पायऱ्यापायऱ्यांचें खोटें छत, त्याच्या खांचांतून निळा-जांभळा उजेड. एका भिंतीवर दगडाचें सोंग, दुसरीवर विटांचें, तिसरीवर लाकडाचें. चौथीवर टीव्हीचा पडदा व त्याच्याभोंवतीं छतास टेकलेलें कपाट. शोकेसमध्यें आग्र्याचा ताजमहाल, सिंगापूरचा सिंह, मुलांच्या शाळेंतल्या ढाली, आणि ज्यांतून आजवर कोणी चहा प्यालें नाहीं असे कपबशांचे दोन संच. या सर्वांत यजमानांच्या मातोश्री कोठें दिसेनात. ज्यांच्या नांवानें बंगला बांधला त्या आजी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसल्या होत्या. सोफा इतका खोल कीं एकदां बसलें म्हणजे त्यांना उठतां येत नाहीं, आणि पाट टाकावयास कोठें जमीन उरलेली नाहीं. पत्रिकेंत जशी वेळ हरवली होती तशा घरांत आजी हरवल्या होत्या.

हें मी थट्टेनें लिहीत नाहीं. नोकरींतून निवृत्त होतांना हातीं आलेल्या रकमेचा मोठा भाग या भल्या माणसानें त्या सजावटीवर घातला आहे. आणि असें करणारे ते एकटे नव्हेत. साताऱ्याच्या नव्या वसाहतींतून किंवा सांगलीच्या विश्रामबागेंतून संध्याकाळीं फेरी मारली तरी उघड्या दारांतून हेंच दृश्य घरोघर दिसतें. माझें म्हणणें एवढेंच, कीं पत्रिकेचा दोष व घराचा दोष एकच आहे. ज्यास आज ग्राफिक डिझाइन म्हणतात आणि ज्यास आमच्याकडचे मुद्रक नुसतें 'मांडणी' म्हणत, त्या विद्येचे नियम घरासहि लागू आहेत. आणि ते आपण विसरलों याची किंमत आपण पैशानेंच नव्हे तर घरच्या माणसांच्या सुखानें देत आहों.

माझे सांगलीचे एक मित्र, जे बांधकामाचे चांगले जाणकार आहेत, ते यावर मला म्हणाले, "अहो, कागदाचा कायदा कागदाला. पान वाचायचें असतें, घरांत राहायचें असतें. तुम्ही उद्यां स्वयंपाकघराचेंहि शुद्धलेखन तपासाल!" आक्षेप बिनतोड दिसतो खरा. त्यास उत्तर म्हणून मी त्यांना एक जुनी हकीकत सांगितली.

लहानपणीं आमच्या घरासमोरच्या बोळांत एक छापखाना होता. शाळा सुटली कीं मी तेथें उभा असें. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवी, ओळींचें पान बांधी, आणि तें पान लोखंडी चौकटींत आवळण्याची वेळ आली म्हणजे पोऱ्याला ओरडून सांगे, "फर्निचर आण रे!" पहिल्या वेळीं मला वाटलें, आतां खुर्च्या येणार. आले ते लाकडाचे व शिशाचे लहानमोठे ठोकळे. हे ठोकळे खिळ्यांहून बुटके असतात. त्यामुळें त्यांस शाई लागत नाहीं व कागदावर ते उमटत नाहींत. त्यांचें काम एकच, मजकुराभोंवतालची कोरी जागा जागच्या जागीं धरून ठेवणें. पानाच्या समासांत कांहींच नाहीं असें वाचकास वाटतें. छापखान्यांत जाऊन पाहावें तर तेथें फर्निचर असतें, आणि तें अगदीं मोजून बसविलेलें असतें.

इंग्रजी छापखान्यांतून हा शब्द आला आणि इंग्रजी दिवाणखान्यांतूनहि तोच शब्द आला. पण दोघांचें वर्तन पाहा. छापखान्यांतलें फर्निचर मोकळी जागा राखतें, घरांतलें ती खातें. माझ्या त्या स्नेह्यांचा दिवाणखाना पंधरा फूट लांब व दहा फूट रुंद, म्हणजे १५० चौरस फुटांचा आहे. त्यांची परवानगी घेऊन मीं टेपानें मोजलें. कोपऱ्यासह सोफा ३०, टीपॉय ८, टीव्हीचें कपाट १०, शोकेस १२. हे झाले ६० चौरस फूट. उरलेल्या ९० मध्यें दोन दारांची व जिन्याची वाट. एखाद्या मुद्रकानें पानाचा समास असा खाऊन टाकला असता तर गिऱ्हाइकानें प्रूफ त्याच्या अंगावर फेकलें असतें.

ही विद्या आपण विलायतेहून आणावयाची आहे असा कोणाचा समज असेल तर त्यानें कृष्णाकांठचाच इतिहास पाहावा. वाईजवळ मेणवलीस नाना फडणीसांचा वाडा आहे. गांव त्यांस १७६८ सालीं मिळालें; त्यांनीं तेथें नदीवर घाट व घाटावर वाडा बांधला. या वाड्यांत भित्तिचित्रें आहेत, तशीं वाईच्या रास्त्यांच्या मोतीबागेंतहि आहेत. तीं पाहतांना चित्रांइतकेंच चित्रांच्या जागांकडे लक्ष द्यावें. आपणांस भिंत मिळाली आहे म्हणून ती सगळी रंगवून काढलीच पाहिजे अशी त्या चिताऱ्याची समजूत नाहीं. तो चित्रास चौकट घालतो आणि तें बैठकीवरून डोळा जेथें जाईल तेथें आणून थांबवितो. भोंवतीं पांढरी भिंत असल्यामुळेंच तें चित्र बोलतें.

आतां याच नानांची दुसरी हकीकत ऐका. गीता छापून काढावी अशी त्यांची इच्छा होती, आणि त्यासाठीं पुण्यांतील इंग्रज वकील मॅलेट याच्या साह्यानें एका तांबटास तांब्याच्या पत्र्यावर अक्षरें कोरण्याची कला शिकविण्यांत आली, असें मुद्रणाचे इतिहासकार अ. का. प्रियोळकर यांनीं नोंदविलें आहे. १८०० सालीं नाना वारले व काम अपुरें राहिलें. तो कारागीर पुढें मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयास गेला, आणि १८०५ सालीं तेथें गीता छापली गेली. म्हणजे ज्या माणसानें कृष्णेच्या वरच्या अंगास भिंतीची मांडणी करविली, त्याच्याच मनांतली पानाची मांडणी खालच्या अंगास मिरजेंत सिद्धीस गेली. भिंत आणि पान यांची ही भाऊबंदकी नानांस कोणी शिकविली नव्हती. ती पोथी हाताळणाऱ्या प्रत्येक माणसाच्या अंगीं मुरलेली होती.

कारण पोथी हीच आपली खरी शाळा. जुनी हस्तलिखित पोथी उघडून पाहावी. आंत शब्दाला शब्द इतका लागून कीं नवशिक्याला पद तोडतां येत नाहीं. पण दोन्ही बाजूंस तांबड्या रेघा आखून जो समास सोडलेला असतो, त्यांत लेखक पाऊल टाकणार नाहीं. चूक झाली तर त्या अक्षरावर हरताळ फासावयाचा आणि वर नवें अक्षर लिहावयाचें. राहिलेला शब्द मात्र समासांत लिहावयाचा, कारण विसरलेल्या गोष्टीसाठींच ती जागा असते. घरांतहि अशी जागा लागते. अवचित आलेला पाहुणा, बाळंतपणास आलेली लेक, आजारी माणसाची खाट, मंगळागौरीच्या पंधरा मुली हे सगळे घराच्या मजकुरांत आधीं लिहिलेले नसतात. ते समासांत लिहावे लागतात. जुन्या घराच्या सोप्याला आणि ओसरीला हेंच काम होतें. रात्रीं दहा माणसें तेथें निजत आणि सकाळीं वळकट्या गुंडाळल्या कीं सोपा पुन्हां कोरा.

पोथी ज्यांच्या हातीं देण्यांत आली नाहीं त्या आमच्या आज्या-पणज्यांनीं हीच विद्या ताटांत जिवंत ठेवली. मीठ वर, डाव्या बाजूस लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्यें भात. अंधारांत हात घातला तरी चटणीच्या जागीं चटणीच लागली पाहिजे. ताट मोठें आहे म्हणून कोणत्याहि सुगृहिणीनें तें कांठोकांठ भरलेलें मीं पाहिलें नाहीं. आजच्याच घरांतला दाखला हवा असेल तर भिंतीवरचें कालनिर्णय पाहावें. १९७३ पासून तें मराठी घरांत टांगलेलें आहे आणि त्याचें पान काय गच्च भरलेलें असतें! तरी कोणी गोंधळत नाहीं. तारीख खोलीच्या दुसऱ्या टोंकावरून दिसते. तिथि, नक्षत्र व सण जवळ गेल्यावर दिसतात. बाकीचें ज्यास पाहिजे त्यानें नाक लावून वाचावें. मुख्य काय व दुय्यम काय हें त्या पानानें ठरविलें आहे. आमचें दुर्दैव असें, कीं शंभर दिव्यांच्या त्या दिवाणखान्यांत एवढ्या एका कागदानें आपलें मन ठरविलें होतें, आणि त्याला शोभा नाहीं म्हणून दाराआड टांगलें होतें!

आतां खरा विरोध कोठून येतो तें सांगतों. तो बांधकामाच्या जाणकारांकडून येत नाहीं. तो आपल्या मनांतल्या भीतींतून येतो. रिकामी भिंत म्हणजे दारिद्र्य, अशी मध्यमवर्गाची खोल समजूत आहे, आणि ती समजण्यासारखीहि आहे. ज्यांच्या बापानें दोन खोल्यांत आठ माणसांचा संसार केला, त्यांना मोकळी जागा वैभव वाटत नाहीं, उणीव वाटते. शिवाय आपले पूर्वज या बाबतींत निर्दोष होते असेंहि नाहीं. रविवर्म्याचा छापखाना १८९४ सालीं मुंबईस निघाला आणि त्याचीं रंगीत चित्रें घरोघर गेलीं; तीं आम्हीं कशीं लावलीं? तुळईखालीं, एका रांगेंत, पुढें कललेलीं. लक्ष्मीशेजारीं सरस्वती, तिच्याशेजारीं वारलेले काका. खालीं गादीवर बसलेल्या माणसाची मान मोडेल इतक्या उंचीवर. खालच्या भिंतीस टेकणाऱ्यांच्या डोक्यांचें तेल लागे आणि पोरांचे हात पोंचत, ही त्याची सबब होती. परंतु ती सबब आतां उरली नाहीं. उंची मात्र उरली. चित्र बसणाऱ्याच्या डोळ्याच्या रेषेंत आणावें, आणि चौकटींत त्याच्या खालीं वरच्यापेक्षां थोडी अधिक कोरी जागा सोडावी. विलायतेंत विल्यम मॉरिस यानें पुस्तकाच्या पानासाठीं हाच दंडक सांगितला होता, कीं खालचा समास सर्वांत मोठा असावा; आणि तोच गृहस्थ भिंतीचे नक्षीदार कागदहि तयार करीत असे.

रंगाविषयीं तर इतका गैरसमज आहे कीं सजावट म्हणजे रंग असेंच लोक धरून चालतात. त्यांना मी लक्ष्मणराव किर्लोस्करांचें चरित्र वाचावयास सांगेन. १८८५ मध्यें ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत चित्रकला शिकावयास गेले. दोन वर्षांनीं असें आढळलें, कीं त्यांच्या डोळ्यांस कांहीं रंग नीट ओळखूं येत नाहींत. चित्रकला सुटली, यंत्रांच्या आकृत्या काढण्याची विद्या हातीं राहिली. त्याच माणसानें औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयानें १९१० मध्यें कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. तेथें नांगर झाले, पंप झाले, लोखंडी फर्निचरहि झालें. रंगांत फसणाऱ्या डोळ्याला प्रमाण मात्र अचूक दिसत होतें. आणि याच वाडींतून १९२० सालापासून 'किर्लोस्कर' मासिक निघालें. त्याचे संपादक शंकरराव हे स्वतः चित्रकार होते, व मासिक उघडल्यावर डोळा प्रथम कोठें जावा याची काळजी ते वाहत. पुढें १९३० मध्यें 'स्त्री' निघालें. या मासिकांवर वाढलेल्या घरांतल्या नाती आज दुकानदाराच्या पुस्तकांतून 'थीम' निवडतात, तेव्हां वाईट वाटतें. सगळी खोली एकदां मनांत काळ्यापांढऱ्यांत पाहावी. तशी पाहून जर ती गोंधळलेली दिसली तर तिला कोणताहि महाग रंग वांचवूं शकणार नाहीं.

पण या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट मला सांगलीच्या पुरानें शिकविली. ऑगस्ट २०१९ मध्यें आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर गेलें. पूर ओसरल्यावर मी गांवभागांतल्या दोन घरीं गेलों. पहिल्या घरीं सर्व कांहीं भिंतींत पक्कें बसविलेलें होतें. पलंग, कपाटें, देवघर, बैठक, सगळें प्लायवूडचें व स्क्रूनें जखडलेलें. पाणी चढूं लागलें तेव्हां त्यांतलें कांहींच उचलतां आलें नाहीं. मी गेलों तेव्हां तें फुगून पदर पदर सुटले होते, आणि महानगरपालिकेच्या गाडीची वाट पाहत घरासमोर त्याचा ढीग पडला होता. शेजारच्या घरांत एका शिक्षिका राहत. त्यांच्याकडे दोन लोखंडी खाटा, चार वेताच्या खुर्च्या, एक घडीचें टेबल, गाद्या व लोड. दोन मुलांच्या मदतीनें त्यांनीं तें सगळें एका संध्याकाळींच माडीवर नेलें होतें. भिंतींवर पाण्याची रेघ होती. त्यांनीं चुना मारला आणि पुन्हां मांडलें.

छापखान्यांतल्या खिळ्याचा मोठा गुण हाच, कीं तो सुटा असतो. आज लग्नपत्रिका जुळविली, उद्यां ती सोडून खिळे आपापल्या खान्यांत टाकले, परवां त्याच खिळ्यांनीं श्राद्धाचें पत्र जुळविलें. संसारहि असाच जुळतो व सुटतो. मुलें लहान असतात, मोठीं होतात, परगांवीं जातात. म्हातारपणीं एक खोली पुरे होते. आणि आमचे सजावटकार मात्र माणसाच्या चाळिसाव्या वर्षीं त्याचें घर दगडावर कोरून देतात. सुतारानें एकदां स्क्रू मारले कीं पुढचीं वीस वर्षें त्या कुटुंबानें पलंगाच्या सोयीनें निजावें, कपाटाच्या सोयीनें वाढावें! १९१९ मध्यें जर्मनींत वायमार येथें बाउहाउस नांवाची जी शाळा निघाली, तिच्यांत अक्षरें आणि खुर्च्या यांचे वर्ग एकाच छपराखालीं होते; १९३३ मध्यें ती बंद पडली, परंतु तेथल्या नळीच्या खुर्च्या हलक्या होत्या व एका हातानें उचलतां येत. आमच्या मंडळींनीं तेथला चकचकीतपणा उचलला, हलकेपणा तेथेंच राहिला.

आतां दुसऱ्या बाजूनेंहि एक अतिरेक येत आहे, त्याविषयीं बोललें पाहिजे. पुण्यामुंबईहून येणारे कांहीं तरुण सजावटकार मोकळ्या जागेचे एकदम भक्त झाले आहेत. पांढरी भिंत, राखी जमीन, एक फांदी आणि एक खुर्ची. देव कपाटांत, पुस्तकें कपाटांत, मुलांचीं दप्तरें कपाटांत. आणि कपाटाला मूठसुद्धां नाहीं! माझ्या लेखाचा हे लोक आधार घेतील अशी मला भीति आहे, म्हणून स्पष्ट लिहितों, कीं ज्या पानावर मजकूर नाहीं त्यास समासहि नसतो. तो नुसता कोरा कागद. घराचा मजकूर म्हणजे तेथें राहणारीं माणसें व त्यांचीं रोजचीं कामें. तो मजकूर लपवून समासाची शोभा दाखवणें ही लबाडी आहे. शिवाय माझ्या सांगलीच्या मित्राच्या आक्षेपांत जेवढें खरें आहे तेवढें मी मान्य करतों: पानावर ऊन सरकत नाहीं, घरांत तें सरकतें, पानाला वास नसतो, घराला फोडणीचा असतो. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधि स्वतः चित्रकार. १९१६ मध्यें त्यांचें चित्ररामायण छापून निघालें, आणि १९३८ मध्यें त्यांनीं यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभें केलें. आपलीं मोलाचीं चित्रें व वस्तु लोकांनीं पाहाव्या म्हणून त्यांनीं तेथें नेऊन ठेवल्या. पाहण्याची जागा ती. राहण्याच्या जागेंत आपण कोणाच्या पाहण्यासाठीं राहतों?

वाईसाताऱ्याचे वाडे एकामागून एक पडत आहेत. त्यांचे कोरीव खांब व दारें जुन्या वस्तूंचे व्यापारी घेऊन जातात आणि दूरच्या हॉटेलांच्या बैठकींत नेऊन उभीं करतात. आमच्या बोळांतला छापखानाहि बंद झाला; खिळे मोडींत वजनावर गेले. लाकडी खान्यांच्या केस मात्र कोणी घेतल्या हें मला बरींच वर्षें ठाऊक नव्हतें. त्यांतली एक मला त्या वास्तुशांतीच्या दिवशीं भेटली. पॉलिश करून ती दिवाणखान्यांतल्या विटांच्या भिंतीवर उभी टांगली आहे, तिच्यांत एक लहानसा दिवा बसविला आहे, आणि प्रत्येक खान्यांत बोटभर उंचीचें एकेक खेळणें आहे. यजमान कौतुकानें म्हणाले, "ओळखा पाहूं, हें काय आहे?" मीं ओळखलें. 'क' चा खाना कोणता, 'र' चा कोणता, हेंहि सांगितलें. आजी तोंवर जिन्यावरून उठून स्वयंपाकघरांत गेल्या होत्या. तेथें ओट्यापाशीं त्यांना एक स्टूल मिळालें होतें.